तबला येतो, पेटी येते, काकूंचा आवाज येत नाही

तबला येत होता. पेटी येत होती. मागे तंबोऱ्याचा झंकारही येत होता. गाणारी बाई तेवढी येत नव्हती.

"ऐकलंस?" पळसुले काका पलंगावर उठून बसत म्हणाले. "हे माझ्या बायकोचं गाणं आहे. आता तूच सांग विनायक, ती यात कुठे आहे?"

मी हातात श्वेताचा फोन घेऊन खोलीच्या मधोमध उभा होतो. त्यांची ही सून दाराशी उभी होती. तिचा चेहरा उतरलेला होता. तीनच दिवसांपूर्वी मी या घरी सिस्टम लावून गेलो होतो, तेव्हा सगळे खुशीत होते. आज सकाळी श्वेताचा फोन आला, "भैया, आप अभी आ सकते हो क्या? घर में बहुत टेन्शन हो गया है."

मी जबलपूरला ऑडिओ रिपेअरिंगचं काम करतो. नेपियर टाउनमध्ये लहानसं वर्कशॉप आहे. लोक माळ्यावरून जुने अ‍ॅम्प्लिफायर आणि टेपडेक काढून आणतात आणि हल्ली सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "भैया, इसमें मोबाइल चल जाएगा क्या?" चालतो. काडेपेटीपेक्षा जरा मोठी अशी एक डबी मिळते, ब्लूटूथ रिसीव्हर. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे जोडायची. फोनमधलं गाणं तारेशिवाय डबीत येतं, डबीतून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि तिथून स्पीकरमध्ये. फोन खिशात असला तरी चालतं.

पळसुले काका गणिताचे मास्तर होते. त्यांच्या बायको, कुमुदकाकू, घरी गाणं शिकवायच्या. वर्षातून दोनदा त्यांच्या हॉलमध्ये बैठक व्हायची आणि काका ती टेप करायचे. काकू जाऊन सहा वर्षं झाली. त्या कॅसेट्सना बुरशी धरली होती आणि काकांना दम्याचा त्रास. म्हणून श्वेतानं उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून एकेक कॅसेट डेकवर वाजवली, लॅपटॉपवर उतरवली आणि फोनमध्ये घेतली. मग कॅसेट्स कबाडीवाल्याला दिल्या. काकांना विचारूनच दिल्या. पण दिल्या.

आणि आता फोनमध्ये काकूंचा आवाज नव्हता.

"तिनं पुसला," काका म्हणाले. श्वेता समोर असताना म्हणाले. "मुद्दाम नसेल. पण पुसला. हिला गाण्यातलं काय समजतं? आता मी काय ऐकू? तबला?"

"काका, मी बघतो ना. जरा थांबा."

"काय बघशील? कॅसेटच राहिल्या नाहीत."

मी हॉलमध्ये आलो. श्वेता मागोमाग आली. तिचं माहेर इथलंच, हिंदी घरातलं. मराठी तिला सगळी समजते, बोलताना मधेच सुटते. नवरा रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस बाहेर. ती हळूच म्हणाली, "भैया, मी स्वतः ऐकलं होतं. हेडफोन लावून. आईंचा आवाज था उसमें. एकदम साफ."

"मग प्रश्नच नाही."

"प्रश्न आहे." तिनं दाराकडे पाहिलं. "टेपमध्ये खूप खरखर होती ना, तर मी लॅपटॉपवर एक 'क्लीन' का बटन दबाया था. सब फाइलों पे. उसी से तो नहीं गया? बाबूजी दोन दिवसांपासून माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तरी मी काय सांगू? मला स्वतःलाच माहीत नाही."

मी तिला धीर दिला, पण मनात म्हटलं, असूही शकतं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. पहिल्यांदा सगळ्यात नवीन वस्तूवर संशय घ्यायचा. इथे नवीन वस्तू म्हणजे माझीच डबी. फोन कधीकधी चुकून गाणं कॉलच्या मोडमध्ये पाठवतो, म्हणजे आपण फोनवर बोलतो तसा चपटा आवाज जातो. ते पाहिलं. तसं नव्हतं. फोनमध्ये आवाज कमीजास्त करणारी एखादी सेटिंग चालू आहे का, तेही पाहिलं. सगळं बंद. मग माझ्या फोनवरून एक वेगळं गाणं लावलं. बाई स्वच्छ गायली. म्हणजे डबी ठीक, अ‍ॅम्प्लिफायर ठीक, स्पीकर ठीक.

पुन्हा काकूंची फाइल लावली. तबला आणि पेटी. नीट कान देऊन ऐकलं तर लांब कुठेतरी, विहिरीच्या तळाशी कोणी कुजबुजावं तसे 'स' आणि 'श' तेवढे ऐकू येत होते. म्हणजे कुणीतरी होतं तिथे.

ही गोष्ट मला खटकली. बटन दाबून आवाज पुसला असता तर त्याबरोबर पेटीचाही काही भाग गेला असता. पेटी तर पूर्ण होती.

मी ती फाइल माझ्या फोनवर घेतली. माझा फोन जुना आहे, त्याला खाली एकच स्पीकर. तारबिर काही नाही, ब्लूटूथ नाही, नुसता फोन हातात धरून लावली. आवाज गायब! मग श्वेताच्या फोनवर तशीच लावली. तिच्या फोनला वर एक आणि खाली एक असे दोन स्पीकर. काकू गात होत्या.

"हे काय होऊन राहिलं?" मी मोठ्यानंच म्हणालो. तीच फाइल. एका फोनवर बाई आहे, दुसऱ्यावर नाही.

खरं सांगतो, त्या घडीला मी काका, सून, घरातलं टेन्शन सगळं विसरलो. तीसेक वर्षं या कामात आहे. असं ऐकलं नव्हतं.

श्वेताचा इअरफोन मागितला. दोन्ही कानांत घातला. काकू होत्या, पण विचित्र. एरवी गाणाऱ्याचा आवाज कपाळाच्या मध्यावर बसल्यासारखा वाटतो. इथे तो डोक्याच्या मागे, आजूबाजूला पसरलेला. बोट ठेवावं अशी जागाच नाही. उजवा इअरफोन काढला, फक्त डावा ठेवला. काकू छान. डावा काढला, उजवा ठेवला. तरी काकू छान. म्हणजे डावीकडे आहेत, उजवीकडे आहेत आणि दोन्ही एकत्र केले की नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठून अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेलो आणि 'मोनो' लिहिलेलं, आत दाबलेलं बटन पुन्हा बाहेर काढलं.

मागच्या खोलीत काकूंचा आवाज भरला. हॉलमध्येही.

काकांची हाक आली नाही. मी जाऊन पाहिलं तर ते डोळे मिटून बसले होते, हात गुडघ्यावर ताल धरत होता.

आता हे मोनो काय ते सांगतो. स्टिरिओ गाण्यात दोन वेगळे आवाज असतात, एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा. काकांचं कमरेचं हाड मोडल्यापासून ते मागच्या खोलीतच असतात. म्हणून मी एक स्पीकर त्यांच्या खोलीत नेला होता, एक हॉलमध्ये ठेवला होता. मग एका खोलीत नुसता तबला आणि दुसऱ्या खोलीत नुसती पेटी असं नको व्हायला, म्हणून मीच मोनोचं बटन दाबलं होतं. त्यानं दोन्ही आवाज एकत्र मिसळतात आणि दोन्ही स्पीकरला सारखेच जातात. एकच स्पीकर असलेल्या माझ्या फोनमध्येही तेच होतं.

पण मिसळल्यावर आवाज जाईल कसा? श्वेतानं हाच प्रश्न विचारला. मी तिला हॉलच्या दारापाशी नेलं. "तू त्या बाजूनं ढकल. मी या बाजूनं ढकलतो. सारखाच जोर लाव."

दार जागचं हललं नाही.

"आपण दोघंही जोर लावून राहिलो ना? पण दार हलतं का? आवाज म्हणजे ढकलणंच आहे. स्पीकरचा कागद पुढे-मागे होतो. डावीकडच्या काकू पुढे ढकलत होत्या त्याच क्षणी उजवीकडच्या मागे ओढत होत्या. वेगळं ऐकलं तर काही फरक नाही. एकत्र केलं की शून्य."

"और तबला?"

"तबला एकाच बाजूला आहे. त्याच्याशी भांडायला दुसरीकडे कोणी नाही."

"मतलब, मी नाही पुसलं."

"तुझ्या बटनानं फक्त खरखर गेली. आवाज तसाच आहे."

ती सोफ्यावर बसली.

उलटं कुठे झालं, हे मात्र अजून कळलं नव्हतं. लॅपटॉप सहसा असं करत नाही. "डेक कुठे आहे?" मी विचारलं.

"आपके पास ही है, भैया. शेवटच्या कॅसेटनंतर मोटर गेली, तर तुमच्याकडेच दिला ना."

दुपारी वर्कशॉपमध्ये तो डेक फडताळावरून काढला. कव्हर उघडलं. टेपला टेकून आवाज उचलणारा जो भाग असतो त्याला हेड म्हणतात. त्याला चार पिना, दोन डाव्या आवाजाच्या, दोन उजव्याच्या. डाव्या जोडीत तांबडी तार वर, पांढरी खाली. उजव्या जोडीत पांढरी वर, तांबडी खाली.

तारा जोडणारं सोल्डर चकचकीत होतं, म्हणजे काम फार जुनं नव्हतं. ते हेड गेल्या वर्षी बदललं होतं आणि बदलणारा मीच.

मी स्टुलावर बसलो. मग आणखी एक आठवलं. डेक परत नेल्यावर काकांनी मला फोन केला होता. तेव्हा दोन्ही स्पीकर हॉलमध्येच होते. म्हणाले होते, "विनायक, कुमुदचा आवाज जागेवर नाही रे वाटत. पसरल्यासारखा येतो." आणि मी म्हटलं होतं, "काका, टेप जुनी झाली. आता असंच येणार."

मला हे कुणालाच सांगायची गरज नव्हती. डेक माझ्याकडे होता, तारा दोन मिनिटांत सरळ झाल्या असत्या. रेकॉर्डिंगमध्येच काहीतरी असेल म्हटलं असतं तर काकांनी मानलं असतं. उलट मी आवाज परत आणला म्हणून चहाबरोबर शाबासकीही मिळाली असती. दहा मिनिटं मी हा विचार केला, हे लपवत नाही. पण दोष रेकॉर्डिंगमध्ये म्हणजे ते करणाऱ्या काकांमध्ये, नाहीतर उतरवणाऱ्या श्वेतामध्ये. तिसरं माणूस त्यात नव्हतं.

संध्याकाळी डेक तसाच उघडा, स्कूटरवर पुढे ठेवून काकांकडे नेला. पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला आणि श्वेतालाही बोलावलं.

"काका, या दोन तारा बघा. या मी उलट्या लावल्या. गेल्या वर्षी. यात श्वेताचं काही नाही. तिनं जे डेकमधून आलं ते जसंच्या तसं उतरवलं."

काकांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. बराच वेळ.

"मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, जागेवर नाही म्हणून."

"हो. म्हटलं होतं."

"मग काहून उघडून पाहिलं नाही?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुमचं वय झालं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मास्तरांसारखं विचारलं, "पण पूर्ण कसा गेला? थोडा तरी राहायला पाहिजे होता."

"दोन्हीकडे अगदी सारखा असेल तरच पूर्ण जातो. सहसा तसा नसतो. टेप करताना तुम्ही माइक कसे ठेवत होते?"

"फूटपट्टीनं मोजून. कुमुद मधे. दोन्ही माइक तिच्यापासून सारखे. एक सूत इकडे नाही, तिकडे नाही." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे मी नीट मोजलं म्हणून ती गेली?"

"मी तारा नीट लावल्या असत्या तर नीट मोजण्याचा फायदाच होता, काका."

श्वेता लॅपटॉप घेऊन आली. आवाज उलटा करण्याचं काम सॉफ्टवेअरमध्ये सोपं असतं. फाइल उघडायची, फक्त उजवा भाग निवडायचा, 'इन्व्हर्ट' म्हणायचं. पहिली फाइल मी केली, पुढची तिनं. तिसऱ्या फाइलनंतर माझी गरजच उरली नाही. मी दोन्ही स्पीकर तेवढ्यापुरते काकांच्या खोलीत आणले, पलंगासमोर दोन बाजूंना. फोनवरून लावलं. या वेळी काकू बरोबर मध्यभागी होत्या. मोनोचं बटन दाबून पाहिलं, तरी होत्या.

"जागेवर आली," काका म्हणाले.

पळसुले काका सुनेशी हट्टानं मराठीच बोलायचे. तिला यायला पाहिजे म्हणून. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांना तिच्याशी हिंदीत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी ऐकलं. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "बेटा, हमसे गलती हो गई. तुमने तो पूरी गर्मी बैठकर इनको बचाया."

श्वेता म्हणाली, "असू द्या, बाबा. दुसरं लावू?"

कॅसेट्स गेल्या त्या गेल्याच. पण सगळ्या फाइल्स तिनं दोन दिवसांत सरळ केल्या आणि एकेक प्रत पेन ड्राइव्हवर मलाही आणून दिली. घरात एकच ठेवणं बरोबर नाही म्हणाली.

तेव्हापासून माझ्याकडून हेड बदलून कुठलाही डेक बाहेर पडण्याआधी मी एक गाणं लावतो आणि मोनोचं बटन दाबतो. आवाज पातळ झाला तर तार उलटी आहे. एवढीच टेस्ट, अर्ध्या मिनिटाची. ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. गिऱ्हाईक "काहीतरी वेगळं वाटतं" म्हणालं आणि काय ते त्याला सांगता आलं नाही, तरी आता मी त्याला वय विचारत नाही. कव्हर उघडतो.