ओढ्याची वाळू आणि विहिरीतलं प्रेत

१२ एप्रिल. सकाळी न्हाणीघराच्या नव्या भिंतीवर पाणी मारलं. नदीची वाळू मिळाली नाही, म्हणून काम क्रशरच्या, दगड भरडून केलेल्या वाळूत केलं. वाळूचा विषय निघाला की परंडा तालुक्यातलं एक प्रकरण अजून डोळ्यांपुढं उभं राहतं.

तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याची प्रभारी होते. वाळूचे लिलाव बंद होते, नदी-ओढ्यातून वाळू उचलायला बंदी होती आणि गावोगावी घरकुलं अर्धवट उभी होती. एका सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला, विहिरीत प्रेत आहे. मयत तरुण बहिणीच्या घरकुलाच्या कामासाठी तिच्या गावी आला होता.

"पाणी काढाया गेला, पाय घसरला," मेहुणा म्हणाला. "पवायला येत नव्हतं त्याला, मॅडम."

गावात ज्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं, याच शब्दांत. खरं बोलणारी माणसं इतकं सारखं बोलत नाहीत.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. दुपारी डॉक्टरांनी कळवलं: फुप्फुसात पाणी नाही, श्वासनळीत वाळू आहे आणि गालात तुळशीचं पान.

"बुडणारा आधी तुळशीला जाऊन आला व्हय?" हवालदार म्हणाले. कुणी हसलं नाही.

मेलेल्याच्या तोंडात तुळशीचं पान घरचं माणूस ठेवतं. म्हणजे तो विहिरीत पडण्याआधीच मेला होता, आणि त्याच्यावर माया असलेलं कुणीतरी तिथं होतं. मी मेहुण्याला बाहेर बसवलं आणि बहिणीला आत बोलावलं.

"पान कुणी ठेवलं?"

तिनं पदर आवळला.

"म्याच. आंघोळ घातली, नाकातली वाळू काढली. भाऊ हाय माझा. तसाच टाकू द्यायचा का?"

मग सगळं बाहेर आलं. स्लॅबला वाळू हवी, म्हणून तो ओढ्याची दरड खालून पोखरत होता. ती अंगावर आली. बाहेर काढला तोवर संपला होता. वाळूचोरीचा गुन्हा लागेल, घरकुल रद्द होईल, या भीतीनं मेहुण्यानं प्रेत विहिरीत टाकलं. अर्ध्या गावानं तिथूनच वाळू नेली होती. म्हणून गाव त्याच्या बाजूनं बोललं.

"घर ऱ्हाईल का, बाई?" तिनं विचारलं.

"ते माझ्या हातात नाही."

पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दोघांवर दाखल केला. नवऱ्याला अटक, तिला नोटीस.

बंदी आली म्हणून गरज संपत नाही, हे मी तिथं शिकले. ट्रॅक्टर थांबतो आणि माणूस टोपलं घेऊन दरडीखाली शिरतो. क्रशरची वाळू तेव्हाही मिळत होती. तिच्यानं स्लॅब टिकत नाही, असं गवंड्यांनी गावात पसरवलं होतं आणि ते खोडून काढायला आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं.

अटकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांना कळवून मी जेसीबी घेऊन ओढ्यावर गेले. दरड कोसळलेल्या जागेला लागूनच टिकावाचे ताजे घाव होते. दोन भरलेली टोपली टाकून कुणीतरी आत्ताच पळालं होतं. आत कुणी नाही याची खात्री केली आणि उरलेली दरड पाडून घेतली.