देवाच्या बावीचं पाणी

आमच्या वाडीतल्या अकरा विहिरींत जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर टाकायचं काम यशोदाकडे आहे. ती बादलीत पावडर कालवते, तिच्यातला चुना खाली बसू देते आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडते. मग काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब घालते. पाणी पिवळं झालं तर ते पिण्याजोगं. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं तिने हे काम एकदाही चुकवलेलं नाही.

बारावी विहीर देवळाजवळची, देवाची बाव. त्या पाण्याने देवाला आंघोळ घालतात, म्हणून तिथे पावडर टाकायची नाही, असं ठरलेलं. वास आला तर देवाला चालायचं नाही. यशोदाला ते पटलेलं होतं. घरात सून गरोदर राहिली की याच बावीचं पाणी पाजायची रीत आहे. श्रावणात यशोदाने एक दिवस आपल्या सुनेला, प्राजक्ताला, ते पाजलं. तेव्हा प्राजक्ताला सहावा महिना होता.

गणपती गेल्यावर वाडीत तिघांना कावीळ झाली. तिघेही बावीचं पाणी पिणारे. वरच्या अंगाला पर्यटकांसाठी नव्या खोल्या झाल्या आहेत, त्यांच्या संडासांचा शोषखड्डा बावीपासून जेमतेम वीस पावलांवर. तालुक्याच्या डॉक्टर म्हणाल्या, पाण्यातून होणारी ही कावीळ पोटुशी बाईच्या जिवावर बेतू शकते, आणि पाणी प्यायल्यापासून साठ दिवसांपर्यंत ती कधीही दिसू शकते.

चार सप्टेंबरला सकाळी यशोदा माझ्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली.

"काकी, तुमी सगळा लिवन ठेवतात. माका एक तारीख सांगा. कळशी घेवन मी हयसून गेललंय, ती."

मी वही काढली. ११ ऑगस्ट, सोमवार. 'यशोदा देवाच्या बावीची कळशी घेऊन गेली. सुनेसाठी. आनंदात होती.' शेवटचं वाक्य मी वाचून दाखवलं नाही.

ती बोटांवर मोजत बसली. "चोवीस झाले. अजून छत्तीस."

माझी मुलगी तेजस्वी नॉर्वेत असते. नळाखाली पेला धरते आणि पिते. मी तिथे गेले तेव्हा पहिले चार दिवस पाणी उकळत होते, आणि ती हसत होती. दोन्ही बाळंतपणांत तिला कुणाला तारीख विचारावी लागली नाही.

तारीख विचारली त्याच दिवशी यशोदा बादली घेऊन बावीवर गेली. देवस्थानचे मानकरी गुरुप्रसाद पायरीवर बसले होते.

"काय गो, देवाक आता फिनेलान न्हाणतलं?"

"देवाक राग इलो तर माका काय ता करूंदे. तिका नको."

ते पायरीवरून उठले नाहीत. तिने त्यांच्या बाजूने वळसा घालून पावडरीचं पाणी सोडलं. अर्ध्या तासाने नळीतलं पाणी पिवळं झालं, तेव्हा ती ते बराच वेळ बघत राहिली.

तेव्हापासून रोज सकाळी ती प्राजक्ताला उन्हात बसवते आणि पापणी खाली ओढून डोळ्यांतला पांढरा भाग बघते. नळीत जो रंग तिला हवा असतो, तोच तिथे दिसू नये म्हणून जीव मुठीत धरते.

"आये, इतक्या बघशात तर माझे डोळे झिजतले," प्राजक्ता म्हणते. यशोदा हसत नाही.

आज एकवीस सप्टेंबर, एकेचाळिसावा दिवस. यशोदा कुंपणापाशी थांबली. काल रात्री प्राजक्ताला जेवण नको वाटलं, तिने सांगितलं. सकाळी तिला मळमळलंही.

"आठव्या महिन्यात होता तसा," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "डोळे पांढरेच आसत. रक्त तपासूक दिलला. उद्या कळतला."

मग बादली उचलून ती पहिल्या विहिरीकडे गेली. त्यानंतर देवाची बाव धरून अजून अकरा विहिरी राहिल्या होत्या.