मी सोडलेला साक्षीदार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझे सगळे खटले पाठ होते. भ्रष्टाचाराची प्रकरणं चालवणारा सरकारी वकील म्हणून माझं नाव झालं, पेपरात फोटो यायचे. पण साताऱ्याच्या एका खटल्याचा विषय निघाला की मी पान जुळवायला घ्यायचो. का? सांगतो... जरा दमानं घ्या.

बहात्तरच्या दुष्काळात म्हसवडकडं एक पाझर तलाव बांधला — म्हणजे कागदावर बांधला. जागेवर नुसती कुसळं. आरोपी जिल्ह्यातलं बडं प्रस्थ. माझ्याकडं भक्कम साक्षीदार एकच, पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. कामावरचा मुकादम म्हणून हजेरीपटावर त्याच्या सह्या होत्या, आणि त्या खोट्या आहेत हे तो छातीठोकपणे सांगणार होता. त्याला आमिष दाखवून झालं, धमकावून झालं. गडी हलला नाही.

हललो मी.

साक्षीच्या आदल्या दिवशी आरोपीच्या माणसांनी मला चहाला बोलावलं. सांगलीला मुख्य सरकारी वकिलाची जागा रिकामी होतेय, एवढंच म्हणाले. मी काय दूधखुळा होतो?

साक्षीदार गाळायचा तर कोर्टाला लेखी द्यावं लागतं — पुरसिस म्हणतात त्याला. मी लिहिलं, हा साक्षीदार आरोपीला फितूर झाला आहे, सबब तपासायचा नाही. वळणदार अक्षरात लिहिलं! तो तेव्हा बाहेर बाकावर बसला होता, छातीवर पदकं लावून. मी बाहेर आलो तसा उठला.

"सायेब, मला कवा बोलवत्यात?"

"बघतो," म्हणालो.

आरोपी सुटला. मी सांगलीला गेलो. आणि गावानं त्याला विकला गेलेला ठरवलं — का नाही ठरवणार? सरकारी कागदच तसं म्हणत होता.

वर्षभरानं तो माझ्या सांगलीच्या ऑफिसात आला. फितुराची पोरगी नको म्हणून थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

"आवं सायेब, मी फुटलो न्हवतो एवढं लिवून द्या. कोर्टातल्या त्या कारकुनानं कायतरी चुकीचं लिवलंय बगा. तुमाला तर ठावं हाय."

असं लिहून देता येत नाही, मी म्हणालो. येत होतं. दोन ओळींचं काम होतं.

जाताना त्यानं त्या कारकुनाला शिव्या घातल्या आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले नाहीत.