बक्षिसाचं पाकीट आणि टँकरची चिठ्ठी

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागेल. माझ्या हातून जे झालं ते रोजनिशीत त्याच दिवशी लिहून ठेवलंय, म्हणून आता नाकबूल व्हायचीही सोय नाही!

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. पाऊस मात्र बहुतेक जुन्या जिल्ह्यातच राहून गेला. चाकूरजवळच्या आमच्या गावाला दोन दिवसांआड टँकर. मी पंचायतीचा कारकून. टँकर कुठे उभा करायचा याची चिठ्ठी मी लिहायची आणि पाकीट चिकटवून ड्रायव्हरला द्यायची. उघडी दिली तर लोक वाटेतच वाचून टँकर आपल्या वस्तीकडे वळवत.

अशात पंचायतीच्या टीव्हीवर सिनेमाच्या बक्षिसांचा कार्यक्रम लागला. बक्षीस एकाला, आणि आभार पार आजोबापणजोबांपर्यंत! अर्धं गाव तिथंच पेंगलं. सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, ह्यात काही दम न्हाई. आपण करू की आपलं!"

मला कुणी असं म्हटलं की मी लगेच कागद ओढतो. नवी पद्धत आखली. भाषणं बंद. मुंबईचे नट काही आमच्याकडे येणार नाहीत, तेव्हा जो त्यांची झकास नक्कल करील त्याला बक्षीस. जिंकणाऱ्याने एक डायलॉग म्हणायचा आणि खाली उतरायचं. नाव मात्र टीव्हीसारखं बंद पाकिटातून!

पाकिटं कुठली? जुन्या जिल्ह्याच्या नावाची ढीगभर पडली होती. प्रत्येकावरचं 'उस्मानाबाद' पट्टी लावून खोडलं, वर 'लातूर' लिहिलं. टँकरचीही तीच, बक्षिसाचीही तीच. सगळी इतकी नेटकी, की एक झाकावं आणि दुसरं काढावं! आलं का ध्यानात?

दुपारी शाळेच्या पटांगणात समारंभ. हिरो झाला, हिरॉइन झाली. "आता सर्वोत्कृष्ट खलनायक!" नागनाथ शिंपी मिशी पिळून उभाच राहिला, दुसरं कोण असणार? सरपंचांनी पाकीट फोडलं आणि माइकवर खणखणीत वाचलं,

"चार वाजता. मारुतीच्या पारापाशी. पूर्ण टाकी."

 पहिल्या रांगेतल्या गयाबाई ओरडल्या, "अगं बायांनो, घागरी घ्या!"

पटांगण रिकामं! सरपंचही गळ्यातल्या हारासकट पळाले; पाणी त्यांच्या घरीही नव्हतं. उरलो मी, शिंपी आणि त्याची मिशी.

"भाऊसाहेब, माझं बक्षीस?"

त्याच्या बक्षिसाचं पाकीट तर मी ड्रायव्हरला देऊन बसलो होतो! आता पळायलाच हवं होतं, कारण त्या ड्रायव्हरचं नावही नागनाथच!

धावत पारापाशी गेलो. घागरींची रांग वेशीपर्यंत, टँकर उभा, आणि ड्रायव्हर तोटीला पाठ लावून. चिठ्ठी वाचून जाब विचारायला तो सरळ गावात आला होता.

"या, भाऊसाहेब! हे काय लिहून राहिले तुम्ही? 'सर्वोत्कृष्ट खलनायक : नागनाथ.' अन तेबी सरकारी पाकिटात! ह्या उन्हात तुमच्यासाठी पाणी वाहून राहिलो, अन मीच खलनायक? न्हाई उघडत तोटी, जा!"

"अहो, ते शिंपी नागनाथ..."

"मग आडनाव कुठं हाय?"

आडनाव नव्हतं. पट्टी लावून रेघ मारणारा मी, आडनाव लिहायला विसरलो होतो!

"आता ह्यांचं भांडण पुरणार का आमाला?" गयाबाई कडाडल्या. "माझी म्हैस सकाळपास्नं जीभ काढून उभी हाय!"

मागून धापा टाकत शिंपी आला. ड्रायव्हरकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. मिशीवरचा हात खाली घेतला.

"दादा, चिठ्ठीत नाव तुझं, बक्षीस तुझं. पण नियम हाय, डायलॉग म्हणावा लागतो."

ड्रायव्हर जरा घुटमळला. मग टाकीवर चढला, कमरेवर हात ठेवले आणि गरजला, "पाणी पाहिजे? पाणी? आधी रांग सरळ करा!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! घागरीसुद्धा वाजल्या. गडी गालात हसला आणि तोटी सुटली.

भरलेली घागर डोक्यावर घेता घेता गयाबाई थांबल्या. "भाऊसाहेब, हसवणाऱ्याचं बक्षीस न्हाई ठेवलं?"

"राहिलंच ते."

"मग लिवा की! पाकीट कशाला लागतंय, समदं गाव बघून राहिलंय."

घरी येऊन रोजनिशी उघडली. टँकर आला, म्हशीपर्यंत सगळ्यांना पाणी मिळालं, असं लिहिलं. खाली सर्वोत्कृष्ट विनोदी नट म्हणून माझं नाव घातलं. या वेळी आडनावासकट!