बोरगावचं वंगण

नागपूरहून निघालो तेव्हा पोळा दोन दिवसांवर आला होता. सावनेरच्या दुकानांत झुली आणि घुंगरमाळा टांगलेल्या होत्या. लोक त्या निवांत न्याहाळत होते आणि मी मात्र प्रत्येक वळणाआधी ब्रेक चाचपून पाहत होतो. माझी गाडी हातांनी चालते. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओत गेले, त्यामुळे क्लचचा आणि ब्रेकचा दांडा स्टिअरिंगशेजारी बसवून घेतलेला आहे. पायांचं सगळं काम खांद्यांना करावं लागतं. ही गाडी माझ्या मालकीची नाही. नागपूरच्या एका ट्रस्टने ती मला भाडेपट्ट्याने दिली आहे. तिच्यातून मी सौसर-पांढुर्ण्याच्या गावांत जातो आणि माझ्यासारख्यांच्या कुबड्यांची, कॅलिपरची (पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची) मापं घेतो.

गाडीला एक खोड होती. नागपुरात ती गुणी सुनेसारखी वागायची आणि सौसर ओलांडलं की ब्रेक सुटायचा. असं दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा गॅरेजवाल्यांना उजव्या पुढच्या चाकात तेल सापडलं. त्यांनी सील बदललं, पेट्रोलने सगळं धुऊन काढलं आणि गाडी परत दिली. तेल येतं कुठून, ते काही कळलं नाही. ट्रस्टचे चिटणीस सभ्य गृहस्थ, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येईना. ते म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी गाडी दाखवायला आणा. पुन्हा हेच झालं तर ती परत घ्यावी लागेल. एवढ्याशा तेलाने ब्रेक सुटत नाही असं गॅरेजवाले म्हणतात, दुसरा दोष सापडत नाही, म्हणजे तुमच्या हाताचा जोर कमी पडतो असंच धरावं लागेल. मग दुसऱ्या कुणाला अशी गाडी देणंही आम्हाला जड जाईल."

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. गाडी जाणार याचं दुःख होतंच, पण माझ्या हातांमुळे आणखी कुणाची गाडी अडणार, हे जास्त लागलं होतं.

मध्य प्रदेशाची हद्द लागते तेव्हा फक्त पाट्यांवरची भाषा बदलते. शेतं तीच राहतात. कपाशीला पात्या लागल्या होत्या, संत्र्याच्या बागांत हिरवी फळं पानांत दडून बसली होती. बोलणंही आपलंच, मध्ये मध्ये हिंदीचे खडे तेवढे लागतात. संध्याकाळी बोरगावला केशवमामांकडे पोचलो. हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मामी गेल्यापासून घरात ते आणि त्यांची बैलजोडी एवढीच माणसं, असं ते स्वतःच सांगतात. या भागात आलो की माझा पहिला मुक्काम त्यांच्याकडेच असतो. रात्री त्यांनी ज्वारीची भाकरी आणि चण्याच्या डाळीचा झुणका वाढला आणि मी जेवत असताना ते माझ्याकडे बघत बसले. मामा फार बोलत नाहीत. बहीण गेली, तिचं पोर तेवढं राहिलं, असं काहीतरी त्या बघण्यात असतं.

सकाळी निघालो. सौसरात चहा घेतला, दोन घरची मापं घेतली. ब्रेक नीट लागत होता. पांढुर्ण्याच्या रस्त्याला मी जरा गुणगुणायलाही लागलो होतो.

दुपारी पांढुर्णा ओलांडून, जाम नदीपलीकडे सावरगावात, चंद्रभागाबाईंकडे पोचलो. त्या शिवणकाम करतात. एक पाय लुळा, म्हणून शिलाई मशीन हाताने फिरवतात. पोळ्यासाठी कुणाकुणाच्या नव्या झुलींना त्या काठ लावून देत होत्या. माप घेऊन झाल्यावर त्यांनी वांग्याची भाजी आणि भाकरी पुढे ठेवली. बोलता बोलता मी त्यांना सांगून टाकलं की कदाचित ही माझी शेवटची फेरी असेल. त्यांनी हातातली झूल मांडीवर ठेवली.

"भाऊ, मी दोन साल वाट पाह्यली," त्या म्हणाल्या. "तुमी नाही आले तं मंग माप घ्याले इकडं कोन येते?"

मी मापाची फीत गुंडाळून पिशवीत ठेवली.

तिथून निघालो आणि नदीकडच्या उतारावर ब्रेकचा दांडा दाबला. गाडी थांबली नाही. मी अख्खा खांदा लावून दाबला. गाडीने एक आचका दिला, डावीकडे ओढ घेतली आणि पुढे चालतच राहिली. खाली लोक बैल धुवायला घेऊन चालले होते. मी हॉर्न दाबून धरला. उताराच्या कडेला दगडांचा ढीग दिसला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते, नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांवर दगड मारतात. त्यासाठी लोकांनी ते आणून टाकले होते. मी गाडी त्या ढिगात घातली. दिवा फुटला, छाती स्टिअरिंगवर आदळली आणि गाडी थांबली. बैल बिथरले, पण कुणाला खरचटलंही नाही.

दगड उतरवणारा एक माणूस धावत आला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे. "ह्या गोट्यायनं डोस्के फोडलेले पाह्यले," तो म्हणाला, "जीव वाचवलेला आजच पाह्यला." तो हसला नाही, मीही नाही.

त्यांनीच गाडी ढकलून जवळच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात नेली. नागपुरात मी गॅरेजबाहेर बाकावर बसून राहायचो, चाक उघडलेलं कधी पाहिलं नव्हतं. इथे बाक नव्हता, म्हणून कुबड्या टेकून चाकापाशीच उभा राहिलो. झाकण निघालं आणि वास आला. एरंडीचं तेल आणि काजळी. हा वास मला आईच्या पदराच्या वासाइतका ओळखीचा होता. मामांच्या बंडीखाली (बैलगाडीखाली) बांबूचं एक नळकांडं टांगलेलं असतं. त्यातल्या वंगणाचा हा वास.

त्या क्षणी गाडीचा दोष सापडला होता. मला मात्र तो सापडायला नको होता.

चाक धुऊन घेतलं आणि हळूहळू बोरगावला परतलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे खांदशेकणी असते. मामा गोठ्यात होते. गरम पाण्यात पळसाची पानं बुडवून ते बैलांचे खांदे शेकत होते, हळद-लोणी चोळत होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले ते खांदे. चोळून झाल्यावर ते एकेका बैलाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आज आवतन (आमंत्रण) घ्या, उद्या जेवाले या." त्यांचं होईपर्यंत मी थांबलो. मग विचारलं, "मामा, तुम्ही गाडीच्या चाकात वंगण घालता?"

"घालतो," ते म्हणाले. "तू उठ्याच्या आंधी, तुया बाजूच्या चाकात. वंगण देल्याबिगर गाडी दारातून काढाव नाही."

मी ब्रेकचं सांगितलं, दगडांचं सांगितलं, चिटणीसांचंही सांगितलं. शब्द जपून वापरायचं ठरवलं होतं, पण अशा गोष्टीला जपून वापरायचे शब्द नसतात. मामा गोठ्याच्या खांबाला टेकून खाली बसले.

"तुले इथंच ताप भरला, त्या रोजी मीच बंडी हाकली नागपूरले. घाईत वंगण देल्लं नाही. रस्त्यात आख (आस) सुकला, चाक जाम झालं, अर्धा दिस तिथंच गेला. तुई माय तुले मांडीवर घेऊन रडून राह्यली होती." त्यांनी हाताला लागलेली हळद धोतराला पुसली. "येळेवर पोचलो असतो तं तुये पाय राह्यले असते."

मी म्हणालो, नसते राहिले. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की अर्ध्या दिवसाने काही फरक पडला नसता. आईने हे मला अनेकदा सांगितलं होतं. भावाला सांगायचं तिला सुचलं नाही, आणि त्याच्या मनात असलं काही आहे हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? मामांनी ऐकलं, पण त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पोळ्याच्या दिवशी शेतकरी गाव सोडत नाही. मामांनी सकाळी बैल शेजाऱ्याच्या हवाली केले, ते धुतलेलं धोतर नेसले आणि येऊन गाडीत बसले. मी नको म्हणालो. त्यांनी दार लावून घेतलं. नागपूरपर्यंत ते माझ्या हातांकडे पाहत होते. दर वळणाला माझा खांदा दांड्यावर झुकत होता आणि त्यांची मान हलत होती.

चिटणीसांनी आधी फुटलेला दिवा पाहिला. मी बोलायच्या आत मामा पुढे झाले, हात जोडून उभे राहिले आणि वंगणाची सगळी हकिकत त्यांनी सांगितली. स्वतःचा बचाव असा एक शब्द नाही. शेवटी म्हणाले, "साहेब, बैलाची पारख खांद्यावरून व्हते. याचे खांदे पाहून घ्या. गलती माही हाय, याच्या हाताची नाही."

चिटणीसांनी मेकॅनिकला चाक उघडायला लावलं, मग स्वतः माझ्या शेजारी बसून आवारात चार चकरा मारायला लावल्या. दर वेळी गाडी सांगितलं तिथे थांबली. उतरताना ते म्हणाले, "दिवा बदलून घ्या आणि गाडी घेऊन जा. मापं राहिली असतील." मला वाटलं मी हसेन. प्रत्यक्षात डोळे भरून आले.

परत पोचेपर्यंत दिवस मावळला होता. पोळा फुटला होता, शेजाऱ्याने बैल मिरवून आणले होते, त्यांच्या शिंगांना रंग होता. मामांनी त्यांना पुरणपोळी भरवली. मी ओसरीवर बसलो होतो. परक्या प्रदेशातली नदी, उतार, दगड, हे सगळं घरी लिहून पाठवण्यासारखं होतं खरं. पण एवढं फिरून मला दिसलं ते हेच, की माझ्या आजारात मी एकटाच नव्हतो आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मामा आले. हातात कालच्या हळद-लोण्याची वाटी होती, चुलीवर कोमट केलेली. माझ्यामागे बसून त्यांनी माझा सदरा खांद्यांवरून खाली ओढला आणि ते माझे खांदे चोळायला लागले, सावकाश, घट्टे पडलेत तिथे जास्त जोर देऊन. मग कानाशी वाकून म्हणाले, "काल तुले आवतन द्याचं राहून गेलं. चाल, जेवाले ये."