अण्णांच्या दोन थापा

मंडळी, आज पहिल्यांदाच एकटीने गाडी चालवत नाशिकहून सिन्नरला आले.

माझे वडील, अण्णा, रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर. आमच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षं इथली द्राक्षं घेऊन थेट कलकत्त्यापर्यंत जायचे. ट्रक मागे घेताना सगळी भिस्त क्लीनरच्या थापांवर. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या.

सकाळी मी गल्लीतून गाडी रिव्हर्स काढत होते. अण्णा मागे येऊन उभे राहिले. "येऊ दे, येऊ दे." मग डिकीवर एक थाप. मी थांबले.

"अहो, पत्रा चेपेल ना," आई म्हणाली.

अण्णांनी रस्ता दोन्हीकडे बघितला आणि दोन थापा मारल्या. मी निघाले.

तुम्हाला घरून निघताना असं कोण सोडतं?

इथे उतरले तर डिकीवरच्या धुळीत अण्णांचा पंजा उमटलेला. आज गाडी पुसणार नाहीये.