दहापैकी शून्य

पहिल्यांदा मला त्याचे फक्त बूट दिसले. मणक्याच्या ऑपरेशननंतर मी दवाखान्यात कुशीवर पडलो होतो आणि मान वर करायची हिंमत नव्हती.

बुटांनी विचारलं, "सर, दुखणं दहापैकी किती?"

जन्मभर दुसऱ्यांना मार्क देत आलेला मी. स्वतःला कमी कशाला देऊ? "आठ," मी ऐटीत म्हणालो.

"आठ? मग नर्सबाईंना इंजेक्शन घेऊन बोलावतो."

"नको, नको, कमी करा. पण पास होईन ना?"

"सर, इथे शून्यवाला पहिला येतो."

मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांना पुढे वर्षभर गाठून त्यांचं कसं चाललंय हे विचारायचं, ही त्याची नोकरी. किती वेळ बसवतं, झोप लागते का, मोजे स्वतः घालता का. उत्तरांची बेरीज डॉक्टरांकडे जाई आणि पुढच्या पेशंटला कितपत आशा दाखवायची ते त्यावरून ठरे. "माझ्याशी खोटं बोललात तर वाटोळं पुढच्याचं होईल," असं तो बजावायचा. अख्खा दवाखाना त्याला 'दहापैकी' म्हणायचा. राहायला आमच्याच गल्लीत, त्यामुळे येणंजाणं वाढलं.

मग त्याच्याच मणक्यातली चकती सरकली. "दुकान माझं आणि गिऱ्हाईकही मीच," तो म्हणाला. ऑपरेशन झालं. त्याच्या जागी तात्पुरती एक मुलगी आली. पेशंट तिच्यावर भलतेच खूश आहेत, हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं आणि याची झोप उडाली. तीन महिन्यांनंतरची बेरीज चांगली आली तरच डॉक्टर त्याला कामावर घेणार होते.

त्या मुलीचा फोन आला तेव्हा मी त्याच्या घरी समोरच बसलो होतो. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हा उत्तर देत होता. कुठल्या उत्तराला किती गुण, सगळं तोंडपाठ. घोकून येणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले, पण पेपर काढणाराच परीक्षेला बसलेला पहिल्यांदा पाहत होतो.

"मोजे घालताना..."

"स्वतः घालतो. त्रास शून्य."

"शून्यच असणार," वहिनी आतून म्हणाल्या. "यांना मोजे मी घालते."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे मुलगी हसू दाबत असावी. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"लिही, बायको घालते," तो म्हणाला. "आणि पहिल्यापासून विचार बाई. आतापर्यंतची उत्तरं पेशंटची नव्हती, नोकरीला आलेल्या उमेदवाराची होती. वीस वर्षं लोकांना उपदेश केला आणि पहिला कॉपीबहाद्दर मीच निघालो."

खरी बेरीज वाईट आली. डॉक्टरांनी आणखी तीन महिने घरी बसवलं.

आता तो अर्धा दिवस कामावर जातो. फोन उभ्यानेच करतो आणि मोज्यांचा प्रश्न पेशंटच्या घरच्यांना विचारतो. उजवा मोजा त्याचा तो घालतो; डावा अजून वहिनीच चढवतात.